खरवंडीकरकाकांची माहेरची पोरं

सर्व संबंधितांना, आणि विशेषतः ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा सर्वांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, मिशिगन राज्यातल्या ट्रॉय या गावी, श्री. मुकुंद खरवंडीकर यांच्या राहत्या घरात, देव्हाऱ्याला लागून असलेल्या कपाटात, शे-दीडशे धिप्पाड पुरुष अनेक वर्षं सुखानं नांदत होते. त्यांतल्या कित्येकांचं वजन तीनशे पौंडांच्या वर होतं. त्यांनी कधी चहा मागितला नाही, कधी आवाज चढवला नाही, आणि त्यांच्यापासून शेजाऱ्यांना उपद्रव झाल्याची एकही तक्रार नाही. मात्र त्यांना शिवण्याआधी साबणानं हात धुवून, कोरड्या पंच्याला पुसून, दोन्ही तळवे खरवंडीकरकाकांना दाखवावे लागत. चिवडा खाल्लेल्या माणसाला त्या दिवशी दर्शन बंद.

मी चिवडा खाल्लेला माणूस होतो.

आम्ही नुकतेच त्यांच्या समोरच्या घरात राहायला आलो होतो. शैलाकाकूंनी, म्हणजे खरवंडीकरकाकांच्या बायकोनं, मला आणि मंजिरीला फराळाला बोलावलं. टीपॉयवर एका पारदर्शक डबीत एक रंगीत कार्ड होतं. हेल्मेट घातलेला कुणीतरी राक्षस गुडघ्यावर वाकून उभा. मी सहज हात पुढे केला, आणि स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "हात वर!"

अमेरिकेत नव्यानं आलेल्या माणसाला हे दोन शब्द ऐकू आले की तो भाषा कोणती हे बघत बसत नाही. मी दोन्ही हात वर केले. मंजिरीनंही केले. तिच्या एका हातात चकली होती, ती तिनं तशीच वर धरली.

"अहो, पाहुणे आहेत ते!" काकू म्हणाल्या.

"पाहुणे आहेत ते दिसतंय. बोटाला तेल आहे त्यांच्या, तेही दिसतंय," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. पोस्टमन पत्ता वाचतो तसं वाचून दाखवल्यासारखं. मग माझ्याकडे वळून, "बेसिन डावीकडे आहे. साबण हिरवा वापरा. पांढरा भांड्यांचा."

मी हात धुवून आलो. तळवे दाखवले. काकांनी ते उलटे-सुलटे करून पाहिले आणि मग ते कार्ड, डबीसकट, माझ्या हातात असं दिलं, की जणू ओल्या बाळंतिणीचं बाळ द्यावं. डबीतलं कार्ड बघायला हात कशाला धुवायचे, हा प्रश्न मला पडला. तो मी पुढची कित्येक वर्षं विचारला नाही. काही घरांत काही प्रश्न विचारायचे नसतात.

आता ही काय भानगड ते सांगतो. काका तरुणपणी कराडहून इथल्या एका विद्यापीठात शिकायला आले. विद्यापीठाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर ट्रॉयमधली निम्मी मराठी मंडळी आम्हाला जेवायला बोलावणं बंद करतील आणि उरलेली रोज बोलावतील. दोन्ही आम्हाला परवडणारं नाही. त्या विद्यापीठाचा फुटबॉलचा संघ आहे. फुटबॉल म्हणजे इकडचा, हातात धरून पळायचा. पहिल्याच ऑक्टोबरात कुणीतरी काकांना तिकीट दिलं. नियम कळत नव्हते, अंगावर कराडचा स्वेटर, आणि स्टेडियममध्ये गावच्या गाव बसलेलं. एका खेळाडूच्या हातून बॉल निसटला आणि ते अख्खं स्टेडियम एकदम "अरेरे" म्हणाल्यासारखं झालं. काका सांगायचे, "मी तोवर समजत होतो, या देशात प्रत्येक जण आपापलं एकट्यानं हळहळतो. त्या दिवशी कळलं, इथंही पंगतीत हळहळतात." झालं. त्या दिवसापासून तो संघ त्यांचा.

कॉलेज संपवून ज्या पोरांना मोठ्या व्यावसायिक लीगमधला एखादा संघ घेतो, त्यांची त्या पहिल्या वर्षी कार्डं छापली जातात. त्याला रुकी कार्ड म्हणतात. लोक ती जमवतात, विकतात, त्यांची परीक्षा करवून घेतात. कोपरे टोकदार आहेत का, चकाकी शाबूत आहे का, छपाई मधोमध आहे का, हे बघून दहापैकी मार्क देणाऱ्या संस्था आहेत. काका फक्त आपल्या कॉलेजच्या पोरांची रुकी कार्डं जमवायचे. दुसरी नाहीत. मी एकदा विचारलं, "एकाच कॉलेजची का?" तेव्हा त्यांनी मला जे समजावलं ते मी आजवर प्रत्येक नवख्या माणसाला त्यांच्याच शब्दांत सांगत आलोय.

"हे बघ अजित. कॉलेज म्हणजे माहेर. लीग म्हणजे सासर. संघ निवडतात तो दिवस म्हणजे लग्न ठरण्याचा. पोरगं स्टेजवर जातं, नव्या घरची टोपी घालतं, आई रडते. आणि रुकी कार्ड म्हणजे सासरी गेल्यावर काढलेला पहिला फोटो. अंगावर नवे कपडे, ते नीट बसत नाहीत, आणि चेहऱ्यावर घाबरलेलं हसू. पुढे सासरी काय दिवे लावले ते सासरचे बघतील. आपण पहिला फोटो जपून ठेवायचा."

"आणि दुसऱ्या कॉलेजच्यांचं?"

"दुसऱ्यांच्या लेकींचे फोटो आपण कपाटात ठेवतो का?"



शनिवारी कॉलेजच्या मॅच असतात, रविवारी लीगच्या. म्हणजे शनिवार माहेरचा, रविवार सासरचा. दोन्ही दिवशी काका टीव्हीसमोर ताठ बसत. ते गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत होते. सीट पुढेमागे सरकते ती खालची पट्टी, तिचं डिझाइन करण्यात त्यांचं नोकरीचं आयुष्य गेलं. त्यामुळे कुठल्याही खुर्चीत बसण्याआधी ती दोन्ही हातांनी हलवून बघायची, ही सवय. लग्नाच्या हॉलमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे, देवळात. एकदा तर विमानात त्यांनी पुढच्या माणसाची सीट हलवली. "सैल आहे," त्यांनी त्याला मागून सांगितलं. तो माणूस सगळा प्रवास ताठ बसून राहिला.

शैलाकाकूंना फुटबॉलमधलं काही कळत नसे आणि खेळाडूंमधलं सगळं कळे. त्या कार्डाची मागची बाजू वाचायच्या. उंची, वजन, जन्मगाव. "हा सहा फूट चार. बरा आहे, पण मान आखूड." "हा लुइझियानाचा. म्हणजे भात खाणारा असणार." "याचं काय झालं हो पुढे?" काका म्हणायचे, "दोन सीझन खेळला. मग सोडून दिलं त्यांनी." काकू कार्ड खाली ठेवत म्हणायच्या, "जाच केला असणार." काका मान डोलवायचे. हे सगळं ती दोघं पूर्ण गंभीरपणे बोलत. मी आणि मंजिरी एकमेकांकडे न बघण्याची शिकस्त करत चहा पीत असू.

एकदा काका मला एका हॉटेलच्या हॉलमध्ये कार्डांच्या बाजाराला घेऊन गेले. टेबलंच टेबलं, काचेच्या पेट्या, त्यांमागे दाढीवाले विक्रेते. एकानं काकांना ओळखलं आणि पेटीतून एक कार्ड काढून झळकवलं. त्या वर्षीचा सगळ्यांत गाजलेला खेळाडू. "सर, याचं नाव तुमची नातवंडं घेतील."

"घेऊ देत," काका त्यांच्या कराडी इंग्रजीत म्हणाले. "पण तो दुसऱ्यांकडचा आहे. तुमचा खाली ठेवलेला खोका बघू द्या."

टेबलाखाली पुठ्ठ्याचा एक खोका होता. कुणी न विचारलेल्या कार्डांचा. काका गुडघ्यांवर बसले आणि काकू तांदूळ निवडतात तसं एकेक कार्ड बाजूला करू लागले. बऱ्याच वेळानं एक हाती लागलं. लाल जर्सीतला एक अगडबंब लाइनमन. लाइनमन म्हणजे पुढच्या फळीत उभं राहून धक्के खाणारा. त्यांची कार्डं निघतातच थोडी, आणि निघाली तरी कुणाला नको असतात. विक्रेता म्हणाला, "हे असंच घेऊन जा, सर. याला कुणी विचारत नाही."

काकांचा चेहरा कधी बदलत नसे. तेव्हाही बदलला नाही. पण ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मी विचारलं ना आता?" आणि एक डॉलर टेबलावर ठेवला. त्या माणसानं तो मुकाट्यानं घेतला.

त्या लाइनमनचं नाव डॅरिल. पहिल्याच सीझनला घोटा मोडला आणि खेळ संपला. हे आम्हाला त्याच्याच तोंडून कळलं, कारण पुढच्या हिवाळ्यात काका मला घेऊन बर्फाचे टायर बसवायला गेले असता काउंटरमागे तो उभा होता. काकांनी मला खिडकीजवळ ओढलं. "मान बघ. ही मान मी ओळखतो."

"काका, इथं सगळ्यांच्याच माना अशा आहेत."

"तुला माना कळत नाहीत," ते म्हणाले आणि सरळ जाऊन त्याला त्याच्या कॉलेजच्या शेवटच्या मॅचबद्दल विचारलं. डॅरिल आधी घाबरला, मग हसला, मग पुढच्या रविवारी जेवायला आला.

ते जेवण मी विसरणार नाही. दारातून आत येताना तो जरा वाकला. काका म्हणाले, "आधी हात." तो भला माणूस बेसिनपाशी गेला, हिरव्या साबणानं हात धुतले आणि परत येऊन दोन्ही तळवे काकांपुढे धरले. ते तळवे परातीएवढे होते. काकांनी ते नीट तपासले. मग कपाटातून कार्ड काढून त्याच्या हातावर ठेवलं.

डॅरिल बराच वेळ बघत राहिला. "माझ्या आईकडे होतं एक," तो म्हणाला. "घर बदलताना गेलं. मी हे बघून किती वर्षं झाली."

"तुम्ही घ्या हे," काका म्हणाले. हे वाक्य उच्चारताना त्यांना काय झालं असेल ते त्यांचं त्यांना माहीत.

डॅरिलनं कपाटाकडे पाहिलं, त्या ओळीनं लावलेल्या डब्यांकडे, आणि कार्ड परत दिलं. "नको, सर. माझ्या घरी मुलं आहेत, कुत्रा आहे. इथं मी जास्त सुरक्षित आहे."

काकूंनी त्याला पुरणपोळ्या वाढल्या. तो नको म्हणेना आणि त्या थांबेनात. निघताना त्यांनी त्याच्या हातात एक नारळ दिला. "माहेरचा माणूस रिकाम्या हातानं कसा पाठवू?" त्या मराठीत म्हणाल्या. डॅरिलनं नारळ काखेत धरला, अगदी बॉल धरतात तसा, आणि वाकून दारातून बाहेर गेला. गाडीपर्यंत तो तसाच धरून होता. काका खिडकीतून बघत म्हणाले, "पकड अजून चांगली आहे."

त्यानंतरच्या नवरात्रात तो प्रकार घडला.

खंडेनवमीला घरातली अवजारं पुजायची असतात. काकूंकडे हे साग्रसंगीत चाले. पाटावर काकांचे स्क्रू ड्रायव्हर, पकड, मोजपट्टी, लॅपटॉप, आणि काकूंचं मिक्सरचं भांडं. त्या वर्षी त्यांच्या मनात आलं, की काकांचं खरं हत्यार यांतलं एकही नाही. काका आंघोळीला गेले होते. काकूंनी कपाट उघडलं. कुणाला निवडावं हा प्रश्नच नव्हता. जो घरी जेवून गेला तो घरचा. त्यांनी डॅरिलला डबीतून बाहेर काढलं, आतलं पातळ प्लॅस्टिकचं पाकीटही काढलं, पाटावर ठेवलं आणि कुंकवात बोट बुडवलं. कपाळ हेल्मेटच्या आत होतं, म्हणून हेल्मेटवर लावलं. चांगलं दाबून. त्यावर अक्षता.

काका पंचा गुंडाळून बाहेर आले. मी आणि मंजिरी आरतीला गेलो होतो, त्यामुळे हे मी स्वतः पाहिलंय. काका पाटासमोर थांबले. रिकामी डबी उचलली. शेवटी म्हणाले, "डबीवर लावायचं होतंस."

"डबीवर?" काकू म्हणाल्या. "देवाला पिशवीत घालून पुजतात का?"

"मार्क गेले त्याचे."

"कशात?"

"दहापैकी."

"नापास नाही ना झाला?" काकूंनी विचारलं आणि घंटा माझ्या हातात दिली. "अजित, वाजव. यांचा चेहरा बघून देवी परत जाईल."

काकांनी आरती म्हटली. जेवताना श्रीखंड भिंतीकडे तोंड करून खाल्लं. दुसऱ्या दिवशी दसरा, तेव्हा त्यांनी काकूंना सोनं दिलं, पण म्हणाले काही नाही. मी विचारलं, "पुसून निघणार नाही का?" ते म्हणाले, "पुसायला गेलं तर चकाकी खरवडली जाईल. राहू दे." आणि तो ठिपका तसाच ठेवून डॅरिल पुन्हा डबीत गेला. डबी डोळ्यांजवळ धरली की त्या लाल ठिपक्यात काकूंच्या बोटाच्या रेषा दिसत. एकात एक, झाडाच्या खोडात असतात तशा. काका तक्रार म्हणून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. "बघा, हिचा पराक्रम."

शैलाकाकू दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेल्या. सकाळी डोकं दुखतंय म्हणाल्या, दुपारी नव्हत्या. बाहेर बर्फ इतका होता की त्यांचा मुलगा रोहन ॲरिझोनातून, चँडलरहून, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला. तो तिथं चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे.

अंत्यविधीच्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगा मांडल्या होत्या. काका आले, पहिल्या रांगेपाशी थांबले, आणि बसण्याआधी दोन्ही हातांनी खुर्ची हलवून बघितली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सैल आहे." मग बसले. मला हसू आलं. त्यांचा चेहरा खंडेनवमीला होता तसाच होता. कार्डाच्या बाजारात होता तसाच होता.

लोक भेटायला येत राहिले. काका त्यांना हात धुवायला लावत, तळवे बघत, कार्डं दाखवत. माहेर-सासरचं तेच सगळं सांगत, शब्दही तेच. फरक एवढाच, की पूर्वी "दुसऱ्यांच्या लेकींचे फोटो आपण कपाटात ठेवतो का?" म्हटल्यावर ते समोरच्याला हसायला वेळ देत. आता देत नव्हते. पुढच्या वाक्यावर जात. भेटायला आलेली माणसं हसायला तोंड उघडत आणि तसंच मिटत.

सीझन सुरू झाला तसा मी शनिवारी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. टीव्ही चालू असे, आवाज बंद. स्टेडियम भरलेलं, माणसं उड्या मारताहेत, तोंडं उघडी, आणि खोलीत फक्त फ्रीजची घरघर. डॅरिलचं कार्ड आता कपाटात नव्हतं. सोफ्याच्या हातावर असे. काका मॅच बघत आणि एक बोट डबीवर टेकवून ठेवत. ठिपक्यावर. मी एकदा रिमोटकडे हात नेला.

"नको," ते म्हणाले. "असंच बरं पडतं. माझंही असंच झालंय. चित्र दिसतंय, आवाज नाही."

मी हात मागे घेतला.

"अजित, मला रडू आलेलं नाही अजून."

"येईल, काका."

"डॉक्टरही तेच म्हणतात. येईल म्हणतात. गाडी येणार असल्यासारखं." टीव्हीवर कुणीतरी पडलं, कुणीतरी त्याला हात देऊन उठवलं. "अरे, त्या साली आपल्या पोरानं शेवटची किक चुकवली, तेव्हा मी इथं बसून रडलो होतो. तूच पाणी आणून दिलंस. एका किकेसाठी रडलो मी. आणि शैलासाठी काही नाही. मी इतका कोरडा माणूस आहे का रे?"

"नाही, काका."

"मला फक्त एकदा तिच्यासाठी नीट वाईट वाटायला हवंय. बाकी काही नको." हे त्यांनी दुकानात वस्तू मागावी तसं मागितलं. मग डबी जरा सरळ केली. "हा बघ, तिघांच्या घोळक्यात पास टाकतोय. वेडा आहे."

पुढच्या वसंतात रोहन आला आणि ठरवून आला. "बाबा, इनफ. यू कान्ट लिव्ह अलोन हिअर. चँडलरमध्ये स्नो नाही, आमचं घर मोठं आहे, मुलं तुम्हाला आस्क करतात."

"बरं," काका म्हणाले.

रोहनला वाद होईल असं वाटलं होतं. तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "अजितकाका, बाबा जस्ट सेड बरं! मला वाटलं, फाइट करतील. काहीच नाही, यार." तो मुलगा खरोखर चांगला आहे. बापाचं दुखणं त्याला दिसत होतं आणि कुठं हात लावावा हे कळत नव्हतं. त्यानं सुटी काढली, घर विकायला लावलं, खोकी बांधली. कार्डांची डबी न् डबी त्यानं फोममध्ये गुंडाळली, आणि प्रत्येक वेळी आधी हात धुतले. मी पाहिलं. बापाला ओरडावं लागू नये म्हणून.

बापाशी मात्र तो त्या कार्डाबद्दल बोलला नाही आणि बाप त्याच्याशी बोलला नाही. खंडेनवमीच्या वेळी तो चँडलरला होता. नंतरच्या फोनवर काकूंनी हवा, भाजी, नातवंडं हे सगळं विचारलं असेल. कुंकवाचं सांगायला त्या विसरल्या असतील. आणि काका आपल्याला काय वाटतं हे मुलाला सांगणाऱ्यांतले नव्हते. आमच्याकडे कोण सांगतं?

जूनमध्ये सोफ्याच्या हातावरून ते कार्ड दिसेनासं झालं. काकांनी रोहनला फोनवर विचारलं. रोहन म्हणाला, "सेफ आहे, बाबा. मीच नेलंय. डोन्ट वरी." काका म्हणाले, "बरं." मॅच अजून सुरू व्हायच्या होत्या. तरी ते त्याच जागी बसत, आणि बोट सोफ्याच्या कापडावर टेकलेलं असे.

ऑगस्टमध्ये, निघायच्या दिवशी सकाळी, त्या रिकाम्या घरात आम्ही जमलो. सामान गेलं होतं. घराला खुर्च्याच उरल्या नव्हत्या, त्यामुळे काकांना हलवून बघायला काही नव्हतं. ते खिडकीला टेकून उभे होते. मंजिरीनं पोहे केले होते. आणि डॅरिल आला होता, टायरच्या दुकानाचा शर्ट घालून. त्यानं आत आल्या आल्या हात धुतले.

रोहननं एक लहानसा बॉक्स काढला. "बाबा, क्लोज युअर आइज. नाही, राहू दे, उघडेच ठेवा." त्यानं झाकण दाबून धरलं. "तुम्ही हे रोज हातात घेऊन बसायचात ना. मी पाहिलं. तुमचं फेव्हरेट. पण इट वॉज सो डर्टी, बाबा. हेल्मेटवर कसला तरी रेड डाग होता. मी एका एक्स्पर्टला दिलं. फक्त पाणी आणि सॉफ्ट कापड, नो केमिकल. आणि मग ग्रेडिंगला पाठवलं. लुक!"

जाड, सीलबंद डबी. आत डॅरिल. हेल्मेट काचेसारखं लख्ख. वर एक चिठ्ठी, आणि तीवर नऊचा आकडा.

"नाइन, बाबा! आउट ऑफ टेन!"

डॅरिलनं शिटी मारली. त्याला आयुष्यात कुणी नऊ मार्क दिले नव्हते. मी मंजिरीकडे पाहिलं, मंजिरीनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करता येतं अशा वेळी?

काकांनी डबी घेतली. डोळ्यांजवळ नेली. जरा तिरपी केली, खिडकीच्या उजेडात धरली, पुन्हा सरळ केली. चेहरा तसाच.

"स्वच्छ झालंय," ते म्हणाले.

"आवडलं?"

"हो. छान. खूप खटपट केलीस." त्यांनी मुलाच्या पाठीवर हात फिरवला, डबी शर्टाच्या खिशात घातली आणि पोहे खाल्ले. ताटलीतले सगळे. मग घराची किल्ली माझ्याकडे दिली, बाई संध्याकाळी येईल म्हणाले, म्हणजे घर विकणारी एजंट. सगळं व्यवस्थित. मला वाटलं, संपलं. आता काही येणार नाही.

बाहेर भाड्याची गाडी उभी होती. विमान दुपारचं होतं. डॅरिलनं दोन्ही जड बॅगा एकदम उचलून डिकीत टाकल्या. रोहन फोनवर रस्ता बघत होता. "अहो, थांबा, असेच कसे जाता," म्हणत मंजिरी ताम्हन घेऊन धावत आली. कुंकू, अक्षता, वाटीत दही. काका गाडीच्या उघड्या दारापाशी उभे राहिले. उन्हात त्यांचे डोळे बारीक झाले होते.

मंजिरीनं बोट कुंकवात बुडवलं आणि त्यांच्या कपाळावर टेकवलं. बोट मागे घेणार, तोच काकांनी तिचं मनगट धरलं. त्यांनी ते बोट समोर आणलं आणि त्याकडे बघत राहिले. लाल टोक, त्यातल्या बारीक रेषा. मंजिरी म्हणाली, "काका?"  आधी त्यांची हनुवटी हलायला लागली. मग खांदे. डॅरिल डिकी लावता लावता थांबला. रोहननं फोनमधून मान वर केली आणि "बाबा, व्हॉट हॅपन्ड?" म्हणत धावत आला. काकांचा दुसरा हात खिशातल्या डबीवर गेला, आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा फाटक्या आवाजात ते ओरडले,

"अरे रोहन, तो डाग नव्हता रे! आईचं बोट होतं ते, आईचं बोट!"